विषाणूसदृश कण: खाडीच्या पाण्यापासून लसीच्या बाटलीपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातले पालक, दवाखान्यांतल्या सिस्टर आणि बायोटेकचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे आहेत. कोणाला कोणती लस कधी द्यायची, हा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

विषाणूसदृश कण म्हणजे नेमके काय?

विषाणूत दोन गोष्टी असतात: आत जनुकीय मजकूर, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, आणि बाहेर प्रथिनांचे कवच. काही विषाणूंत या कवचावर चरबीचे आवरणही असते. आतला मजकूर नाही, पण बाहेरची ठेवण हुबेहूब विषाणूची, अशा कणाला विषाणूसदृश कण म्हणतात. प्रयोगशाळांत आणि कंपन्यांत सगळे ‘व्हीएलपी’च म्हणतात. दाणे काढून घेतलेले शेंगेचे टरफल बाहेरून शेंगच दिसते, पण मातीत पुरले तर उगवत नाही, तसेच हे. मजकूर नसल्यामुळे हा कण पेशीत शिरला तरी स्वतःची नक्कल काढू शकत नाही.

पुढच्या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट धरून चाला. व्हीएलपीचे काम त्याच्या आकारावर चालते. तेच प्रथिन, तितक्याच मात्रेत, पण कवच मोडलेले असेल तर परिणाम बराच कमी होतो.

मजकूर नसताना कवच जुळते कसे? कोणी जोडते का?

कोणी जोडत नाही. कवचाची प्रथिने एकमेकांना ठरावीक कोनात चिकटतील अशाच घडणीची असतात. पुरेशी संख्या, योग्य आम्लता आणि क्षारांचे योग्य प्रमाण मिळाले की ती आपोआप बंद गोळा करतात. कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली यामागची भूमिती मांडली: वीस त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीत साधारणपणे ६० च्या पटीत प्रथिने बसतात. हिपॅटायटिस बी विषाणूच्या गाभ्याच्या कवचात १८० किंवा २४० प्रथिने असतात. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, त्याच्या कवचात एल१ नावाच्या प्रथिनाच्या ३६० प्रती, पाच-पाचच्या ७२ गटांत बसलेल्या असतात. एचपीव्हीचा हा कण साधारण ५५ नॅनोमीटरचा.

असे कण निसर्गात सापडतात, की फक्त प्रयोगशाळेत बनतात?

निसर्गात भरपूर सापडतात, आणि तिथली उदाहरणे लसींइतकीच विलक्षण आहेत.

पहिले उदाहरण आपल्याच रक्तातले. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसाच्या रक्तात पूर्ण विषाणू ४२ नॅनोमीटरचे असतात. त्यांच्याबरोबर २२ नॅनोमीटरचे रिकामे गोळे आणि लांबट तंतूही फिरत असतात, आणि हे रिकामे कण पूर्ण विषाणूच्या हजार ते लाख पट असू शकतात. शरीराची प्रतिपिंडे या रिकाम्या कणांवरच खर्ची पडतात आणि खरा विषाणू निसटतो, असे त्यामागचे कारण मानले जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात सापडलेले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ ते हेच. त्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले. माणसाने लस म्हणून पहिला व्हीएलपी वापरला तो असा रोगानेच तयार करून ठेवलेला होता: १९८१ साली अमेरिकेत मंजूर झालेली पहिली हिपॅटायटिस बी लस बाधित लोकांच्या रक्तद्रवातून हे कण गाळून, शुद्ध व निष्क्रिय करून बनवली जात असे.

दुसरे उदाहरण शेतातले. उसाच्या खोडकिडीवर सोडतात त्या कोटेशिया जातीच्या गांधीलमाशा अळीच्या अंगात अंडी घालताना सोबत विषाणूसारखे कणही टोचतात. हे कण माशीच्या स्वतःच्या जनुकांतून बनतात. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी एक विषाणू तिच्या पूर्वजांच्या जनुकसंचात कायमचा बसला, त्याचा हा वारसा. कण अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतात आणि अंडी वाचतात. कोटेशियाच्या कणांत डीएनए असतो, म्हणून काटेकोर बोलायचे तर ते व्हीएलपी नव्हेत. पण व्हेंच्युरिया नावाच्या दुसऱ्या एका गांधीलमाशीत अशाच कणांत डीएनए अजिबात नसतो, फक्त प्रथिने असतात. ती अंड्यावर लेपासारखी बसतात. तो खरा व्हीएलपी.

तिसरे जिवाणूंमधले. ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस हा जिवाणू जिवाणूभक्षी विषाणूसारखे दिसणारे कण सोडतो. त्यांत विषाणूचा मजकूर नसतो, जिवाणूच्याच डीएनएचे साधारण ४ हजार अक्षरांचे कुठलेही तुकडे असतात. १९७४ साली हे लक्षात आले. जिवाणू एकमेकांना जनुके देण्याचे काम यातून करतात.

चौथे उदाहरण मेंदूतले. स्मरणाशी संबंधित ‘आर्क’ हे प्रथिन कवच करून त्यात आरएनए भरते आणि एका चेतापेशीकडून दुसरीकडे पोचवते, हे २०१८ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. या प्रथिनाचे मूळ विषाणूंच्या नात्यातल्या एका जुन्या, उड्या मारणाऱ्या जनुकात आहे.

ठाण्याच्या खाडीच्या पाण्यात व्हीएलपी मोजता येतात का? आम्हाला कॉलेजच्या प्रकल्पात करायचे आहे.

येतात. मात्र आधी शब्दाचा घोळ सोडवून घ्या. सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात ‘व्हीएलपी’ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारा, विषाणूच्या मापाचा ठिपका. तो जिवंत विषाणू आहे, जिवाणूच्या डीएनएचे तुकडे भरलेले कवच आहे, की डीएनए चिकटलेला चरबीचा बुडबुडा, हे त्या मोजणीतून कळत नाही, म्हणून ‘सदृश’. लसीतला व्हीएलपी मुद्दाम रिकामा असतो. इथे मोजतो ते तर आतल्या डीएनएच्या चमकेवरच मोजतो. अहवालात हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतात.

समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्यात दर मिलिलिटरला साधारण १ कोटी कण हा ढोबळ अंदाज आहे, जिवाणूंच्या सुमारे दसपट. खाडीत गाळ आणि सांडपाण्याचा भार असल्याने आकडा बराच वेगळा येऊ शकतो.

पद्धत अशी. नमुना भरती-ओहोटीचे कोष्टक बघून घ्या आणि वेळ लिहा. ऐरोलीच्या पुलाखाली भरतीला घेतलेला आणि ओहोटीला घेतलेला नमुना म्हणजे जवळपास दोन वेगळी पाणी. खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी काढा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून ५० मिलिलिटर भरा. ग्लुटराल्डिहाइड (कण आहेत तसे टिकवणारे रसायन) अंतिम ०.५ टक्के होईल इतके घाला, ४ अंशांवर अंधारात १५ ते ३० मिनिटे ठेवा, मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर. इथेच बहुतेकांचे बिघडते: ग्लुटराल्डिहाइड घालून बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवली तर कण विरत जातात आणि आकडा खोटा पडतो. द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर त्याच दिवशी गाळणी करा.

गाळणी ०.०२ मायक्रॉन छिद्रांच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकतीवर. खाडीचे पाणी आधी ०.०२ मायक्रॉनमधून गाळलेल्या पाण्यात दहापट विरल करा, नाहीतर गाळाने चकती तुंबते. सायबर गोल्ड या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाच्या विरल द्रावणात अंधारात साधारण १५ मिनिटे ठेवा आणि निळ्या प्रकाशाखाली हिरवे ठिपके मोजा. किमान १० क्षेत्रे आणि एकूण २०० हून जास्त ठिपके. सोबत नमुना न घातलेली कोरी चकतीही मोजा. तिच्यावर ठिपके दिसले तर द्रावणे घाण आहेत. मातीचे बारीक कणही रंग धरतात, पण त्यांची चमक पिवळट आणि कडा ओबडधोबड असते. एक भाग डीएनेज (सुटा डीएनए तोडणारे विकर) देऊन आणि एक न देता मोजला, तर सुटा डीएनए किती दिशाभूल करतो तेही कळते. प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा तक्ता तोच.

लस म्हणून व्हीएलपी इतके परिणामकारक का?

बी पेशींच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारे ग्राहक असतात. एकच खूण सुटी आली तर एखादा ग्राहक हलतो. तीच खूण ५ ते १० नॅनोमीटर अंतराने, रांगेत, शेकडो वेळा आली तर अनेक ग्राहक एकदम जोडले जातात आणि पेशी जोरात पेटते. अशी शिस्तबद्ध मांडणी शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांत क्वचितच दिसते, म्हणून तिला ‘परके’ समजले जाते. दुसरे कारण मापाचे: अशा नॅनोमीटरी मापाचे कण लसिकेतून थेट लसिकाग्रंथींपर्यंत वाहत जातात. सुट्या प्रथिनाकडे यांपैकी काही नसते.

भारतात मिळणाऱ्या कोणत्या लसी या प्रकारच्या आहेत?

हिपॅटायटिस बी ही सर्वात जुनी. यीस्टमध्ये बनलेली लस अमेरिकेत १९८६ साली आली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली शॅन्व्हॅक-बी आणली आणि ही लस सामान्य घरांच्या आवाक्यात आली. बाळांच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीतला हिपॅटायटिस बीचा भागही हाच.

एचपीव्ही ही दुसरी. झोऊ आणि फ्रेझर या शास्त्रज्ञांनी १९९१ साली ऑस्ट्रेलियात एचपीव्हीची रिकामी कवचे जुळवून दाखवली. गार्डासिल २००६ साली आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ साली मंजुरी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे.

मलेरियाच्या आरटीएस,एस आणि आर२१ या लसीही याच घराण्यातल्या: हिपॅटायटिस बीच्या कणावर मलेरिया परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा बसवलेला. जागतिक आरोग्य संघटनेने पहिलीची शिफारस २०२१ साली आणि दुसरीची २०२३ साली केली, मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांसाठी. आर२१ पुण्यातच बनते.

कोविशील्ड, कोव्हॅक्सिन, कॉर्बेव्हॅक्स यांपैकी व्हीएलपी कोणती?

एकही नाही. कोविशील्ड हा चिंपांझीच्या ॲडेनोविषाणूचा वाहक, त्यात डीएनए असतो. कोव्हॅक्सिन म्हणजे निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू. कॉर्बेव्हॅक्स म्हणजे सुटे प्रथिन. एमआरएनए लसींतले चरबीचे गोळे मापाने व्हीएलपीसारखे असले तरी ते फक्त वाहतुकीचे डबे आहेत.

व्हीएलपी लसीने तोच रोग होऊ शकतो का?

नाही. यीस्टला विषाणूच्या एकाच प्रथिनाचे जनुक दिलेले असते. विषाणू त्या कारखान्यात कधी आलेलाच नसतो. शुद्धीकरणानंतर डीएनएचे अत्यल्प तुकडे उरू शकतात. एचपीव्ही लसीबाबत २०११ साली यावरून गदारोळ झाला, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट केले की उत्पादनातून असे तुकडे राहणे अपेक्षित आहे आणि ते संसर्ग घडवू शकत नाहीत.

होतो तो त्रास म्हणजे दंड दुखणे, थोडी सूज, कधी ताप. किशोरवयीन मुलींना टोचल्यावर भोवळ येण्याचे प्रमाण लक्षात घ्यावे इतके असते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवा, उभे करू नका. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात एचपीव्ही लस पुढे ढकलतात. हिपॅटायटिस बी मात्र गरज असेल तर देतात.

हिपॅटायटिस बीची लस घेतली आणि कंपनीच्या मेडिकलमध्ये रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. आता?

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांत रुजू होताना हा प्रसंग येतो आणि माणसे नाहक घाबरतात. लसीतला कण आणि तपासणी जे शोधते ते एकच: एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. त्यामुळे टोचल्यानंतर १८ दिवसांपर्यंत ही तपासणी तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. तपासणी करणाऱ्याला लसीची तारीख दाखवा आणि महिन्याभराने पुन्हा करा. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर लसीला दोष देऊन गप्प बसू नका, पोटविकार किंवा यकृततज्ज्ञांकडे जा. रक्तदानाआधीही लसीची तारीख सांगावी.

लस लागू पडली का, हे बघायचे असेल तर तपासणी वेगळी: अँटी-एचबीएस, म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी करतात आणि १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त असेल तर संरक्षण मिळाले असे धरतात. रुग्णालयात काम करणाऱ्यांनी ती करून घ्यावीच.

बाळाला आणि मोठ्यांना हिपॅटायटिस बीचे डोस कसे?

बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत ०.५ मिलिलिटर, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूत. मग पेंटाव्हॅलंटमधून ६, १० आणि १४ आठवड्यांना. आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. त्यासाठी प्रसूतीआधीच रुग्णालयात ते आहे का, विचारून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध करण्याची ती वेळ नव्हे. मोठ्यांना २० मायक्रोग्रॅम, ०, १ आणि ६ महिन्यांनी, दंडाच्या स्नायूत. कुल्ल्यावर घेऊ नका: तिथे सुई चरबीत राहते आणि प्रतिपिंडे कमी तयार होतात.

एचपीव्ही लसीचे किती डोस? मुलग्यांना द्यायची का?

सर्व्हाव्हॅकसाठी ९ ते १४ वर्षे वयात दोन डोस, ६ महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ वयात तीन डोस, ०, २ आणि ६ महिन्यांनी. मुलग्यांनाही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक डोसही चालेल असे म्हटले. या मतामागे आपल्या देशातल्या मुलींचा मोठा वाटा आहे. २००९ साली बार्शी आणि पुण्यासह अनेक ठिकाणी दोन व तीन डोसांची तुलना सुरू झाली होती. २०१० साली शासनाने चाचण्या थांबवल्या आणि हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. त्यांचा पाठपुरावा सुरू ठेवला गेला, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका डोसाचे १६ व १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास दिसले. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र एक डोस पुरत नाही.

शासकीय मोहिमेतली पात्रता जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. लस झाली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नका. लसीत सगळे प्रकार नसतात, आणि आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही.

मेडिकलमधून लस विकत घेऊन दवाखान्यात नेतो. बर्फात ठेवली की झाले ना?

याच सवयीने सर्वात जास्त लसी वाया जातात. या लसींना उष्णतेपेक्षा गोठण्याचा धोका मोठा आहे. हिपॅटायटिस बीची लस ३७ अंशांवरही काही आठवडे तग धरते, पण साधारण उणे ०.५ अंशाला गोठते आणि कामातून जाते. व्हीएलपी ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक जेलवर चिकटवलेले असतात. पाण्याचे स्फटिक होऊ लागले की ते जेलला कोपऱ्यात ढकलतात, जेलची जाळी तुटते, गुठळ्या होतात, आणि वितळल्यावर ती पूर्ववत होत नाही. बाटली वरून ठीकच दिसते, म्हणून फसगत होते.

आता ती पिशवी बघा. दुकानदार फ्रीझरमधून कडक आइसपॅक काढतो, लसीची बाटली त्याला टेकवून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देतो. आइसपॅक उणे १५ ते २० अंशांवर आहे. कळव्याहून घोडबंदरला पोचेपर्यंत टेकलेल्या बाजूची लस गोठून पुन्हा वितळलेलीही असते, आणि डॉक्टरांच्या हातात पडते ती ‘थंडगार’ बाटली.

करायचे ते असे. शक्य तिथे लस दवाखान्यालाच मागवायला सांगा. आणावीच लागली तर आइसपॅक बाहेर काढून पृष्ठभागावर घाम येऊन हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबा. थर्मोकोलच्या डब्यात तो ठेवा, मध्ये पुठ्ठा किंवा दुमडलेले कापड, मग खोक्यासकट लस. सुटी बाटली नको. थेट दवाखान्यात जा. वाटेत घरी ठेवायचीच वेळ आली तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही, फ्रीझरच्या खाली भिंतीला चिकटून तर मुळीच नाही. २ ते ८ अंश हे माप आहे. वीज गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका.

बाटलीवरच्या व्हीव्हीएम या रंग बदलणाऱ्या खुणेचा अर्थ: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर चालेल, सारखा किंवा गडद झाला तर टाकून द्या. पण ही खूण फक्त उष्णता दाखवते. गोठलेल्या लसीवरही ती छान फिकी दिसते.

गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट कशी करायची?

हा प्रश्न मुख्यतः सिस्टरांचा. बाटली समोर घट्ट गोठलेली दिसली तर टेस्टची गरजच नाही, ती बाद. संशय असेल तर त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर उणे २० अंशांवर गोठवा, तिच्यावर ठळक ‘गोठवलेली’ असे लिहा आणि खोलीच्या तापमानाला पूर्ण वितळू द्या. गरम पाण्यात धरू नका. मग ती आणि संशयित बाटली एकाच हातात धरून १०-१५ सेकंद जोरात हलवा, सपाट टेबलावर शेजारी ठेवा आणि प्रकाशाविरुद्ध बघत राहा, अर्ध्या तासापर्यंत. गोठवलेल्या बाटलीत गाळ पटकन खाली बसून वर पाणी निवळते. संशयित बाटलीतही तितक्याच वेगाने तसेच झाले तर सगळा लॉट बाजूला काढा आणि कळवा. ती संथ बसत असेल तर वापरता येते.

चूक होते ती दोन ठिकाणी: तुलनेची बाटली दुसऱ्या बॅचची घेतली जाते, आणि टेबल हलते राहते. बीसीजी किंवा गोवर-रुबेला अशा भुकटीच्या लसींना ही टेस्ट लागू नाही.

कारखान्यात हे कण बनतात कसे?

यीस्टमध्ये प्रथिनाचे जनुक घालतात, किण्वकात वाढवतात आणि गॅलॅक्टोज किंवा मेथॅनॉलसारख्या पदार्थाने उत्पादन सुरू करतात. पेशी उच्च दाबाने फोडून गाळतात आणि क्रोमॅटोग्राफीने शुद्ध करतात. एचपीव्हीत यापुढे एक नाजूक पायरी असते. यीस्टच्या आत जुळलेली कवचे वेडीवाकडी, अर्धवट बंद असतात. म्हणून रासायनिक पद्धतीने गंधकाचे बंध सोडवून ती पाच-पाचच्या गटांपर्यंत उलगडतात, मग ते रसायन काढून घेऊन क्षारांचे प्रमाण वाढवतात आणि कवचे नव्याने जुळू देतात. अशी जुळलेली कवचे एकसारखी असतात आणि जास्त टिकतात. शेवटी पॉलिसॉर्बेट ८० अगदी थोडे घालतात, म्हणजे कण काचेला चिकटत नाहीत आणि एकमेकांत गोळा होत नाहीत.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात साधा व्हीएलपी बनवता येईल का?

येईल. सुरुवातीला हिपॅटायटिस बीच्या गाभ्याचे प्रथिन घ्या, ते ई. कोलाय या जिवाणूत सहज जुळते. आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी. जिवाणूचे बीएल२१ (डीई३) वाण, २ लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलिलिटर एलबी (वाढीचे पोषक द्रावण), त्याहून जास्त नको, नाहीतर हवा कमी पडते. ३७ अंशांवर ओडी (द्रावणाचा गढूळपणा) ०.६ झाला की तापमान २० ते २५ वर आणा, आयपीटीजी (घातलेले जनुक चालू करणारे रसायन) ०.२ ते ०.५ मिलिमोलर घाला आणि १६ तास ठेवा. ३७ वरच ठेवले तर बरेचसे प्रथिन न विरघळणाऱ्या गुठळ्यांत जाते. पेशी लायसोझाइमनंतर बर्फात सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा): १० सेकंद चालू, २० सेकंद बंद. गुरुत्वबलाच्या १२,००० पट बळावर ३० मिनिटे फिरवा, वरचे द्रावण अमोनियम सल्फेटने बसवा आणि १० ते ५० टक्के साखरेच्या थरांवर अतिवेगी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळे करा.

आता मुख्य अडचण. एसडीएस-पेजवर (प्रथिने उलगडून वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) २१ किलोडाल्टनचा छान पट्टा आला की विद्यार्थी ‘व्हीएलपी मिळाले’ असे लिहून मोकळे होतात. त्या जेलमध्ये प्रथिन उलगडलेलेच असते. कवच होते की नाही, हे त्यातून कधीच कळत नाही. स्वस्त उपाय म्हणजे १ टक्का ॲगारोजवर, एसडीएस न घालता धाव द्या: जुळलेले कण एक धारदार पट्टा देतात. तोच पट्टा इथिडियम या डीएनए-आरएनए रंगवणाऱ्या द्रव्यानेही चमकला तर आत जिवाणूचा आरएनए अडकला आहे. या प्रथिनाचे टोक आरएनए पकडते. ते टोक कापलेले १४९ अमिनो आम्लांचे रूप घेतले तर हा त्रास कमी होतो.

खरा पुरावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा. पवईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण सुविधेत बाहेरच्यांना शुल्क भरून नमुने देता येतात. नमुना फॉस्फेट बफरमध्ये देऊ नका: युरेनिल ॲसिटेट हा तिथे वापरतात तो रंग फॉस्फेटबरोबर साका बनवते आणि चित्रात नुसते काळे खडे येतात. ट्रिसमध्ये बदला, किंवा फॉस्फोटंगस्टिक आम्लाचा रंग मागा.

प्रकाश विखुरण्यावर माप काढणारे यंत्र, डीएलएस, वापरत असाल तर एवढे ध्यानात ठेवा: विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. दसपट मोठी एक गुठळी दहा लाख चांगल्या कणांइतकी चमकते. त्यामुळे नमुना मोजण्याआधी ०.२ मायक्रॉनमधून गाळा आणि आलेख संख्येनुसार व तीव्रतेनुसार दोन्ही छापा.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रातली कार-टी (रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याची) उपचारपद्धती व्हीएलपीवर चालते का?

नाही. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईच्या सहभागातून आलेल्या, २०२३ साली मंजूर झालेल्या नेक्सकार१९ मध्ये रुग्णाच्या टी पेशींत जनुक नेण्यासाठी लेंटिविषाणूचा वाहक वापरतात. त्याचे कवच व्हीएलपीसारखेच जुळते, पण त्यात जनुक भरलेले असते, म्हणून तो वाहक. जनुकाऐवजी तयार संपादक प्रथिने (जनुकांत बदल करणारी) भरलेले व्हीएलपी २०२२ पासून प्राण्यांवर अभ्यासले जात आहेत. त्यांचा फायदा असा की काम झाले की प्रथिन संपते, मागे काही राहत नाही. चवळीच्या मोझॅक विषाणूचे कण कर्करोगाच्या गाठीत टोचून प्रतिकारशक्ती जागी करण्याचे प्रयोगही उंदरांवर आणि कुत्र्यांवर झाले आहेत. रुग्णांनी आज यावर भिस्त ठेवावी अशी स्थिती नाही. कोणी ‘व्हीएलपी थेरपी’ म्हणून पैसे मागत असेल तर आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका.

दुसरा डोस घ्यायचा राहिला, वर्ष उलटले. पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. हिपॅटायटिस बी असो वा एचपीव्ही, राहिलेला डोस घ्या आणि पुढे चला. आधीचा डोस मोजला जातो. उलटे मात्र चालत नाही: ठरल्यापेक्षा फार लवकर घेतलेला डोस धरला जात नाही, तो पुन्हा घ्यावा लागतो. कार्ड हरवले असेल तर ज्या दवाखान्यात टोचले तिथल्या नोंदवहीत तारीख, बॅच क्रमांक आणि ब्रँड मिळतो, तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा. नोंद कुठेच मिळाली नाही तर हिपॅटायटिस बीसाठी अँटी-एचबीएस करून बघता येते. एचपीव्हीसाठी अशी नेहमीच्या वापरातली तपासणी नाही, तेव्हा डोस झालाच नाही असे धरून डॉक्टर पुढचे ठरवतात.